पडदा शिवलेल्या मुलांसाठी व्हीआर व्यायाम – कुणाला अनुभव?

जायो_म्हार्दोळ
नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत. त्याच्या श्वासपटलाला (छाती आणि पोटामधल्या पडद्याला) जन्मापासून डाव्या बाजूला भोक होतं. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीतच दिसलं. जठर, आतडी वर छातीत सरकलेली आणि हृदय उजवीकडे ढकललेलं. जन्मल्यावर रडूही दिलं नाही, लगेच नळी आणि व्हेंटिलेटर. सहाव्या दिवशी शस्त्रक्रिया. भोक मोठं होतं, नुसते टाके घालून कडा जुळेनात म्हणून पॅच लावला. ३८ दिवसांनी घरी आणला तेव्हा अंगावरच्या दुपट्याचं वजन त्याच्यापेक्षा जास्त वाटत होतं.

आता अभ्यासात ठीक, बडबड भरपूर. पण जिना चढला की थांबतो. शाळेत पीटीच्या तासाला कडेला बसतो. खरं सांगायचं तर पहिलीत मीच चिठ्ठी दिली होती की याला धावायला लावू नये.

गेल्या महिन्यात फिजिओथेरपिस्टने ‘व्हीआर एक्सरसाइझ’ (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे आभासी जगातले व्यायाम) सुचवले. माझ्या डोळ्यांसमोर ते मोठे काळे गॉगल आले. सासूबाई म्हणाल्या, ‘आधी पडदा शिवला, आता दोळे फोडा.’ घरात दोन तट पडलेत. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पॅच सुटणार नाही ना? डोळ्यांना त्रास? आणि मुळात उपयोग होतो का?

रिकामटेकडा_डिचोली
ताई, राग मानू नका. मुलाला व्यायाम हवा म्हणून त्याला स्क्रीनसमोर उभं करायचं, हे मला कळत नाही. आमच्या वाड्यावर पोरं पावसात फुटबॉल खेळतात. त्याला त्यांच्यात सोडा. फुकट आहे.

निऱ्या
@रिकामटेकडा, ‘सोडा’ म्हणणं सोपं असतं हो. ज्याच्या मुलाच्या नाकात नळी बघितलीय त्याला विचारा.

जायो, माझ्या मुलीचं थोडं वेगळं आहे. भोक नव्हतं, पण उजवीकडचा पडदा जन्मतः पातळ आणि लुळा, यकृतासकट वर चढलेला. दीड वर्षाची असताना शस्त्रक्रिया झाली. सर्जनने मला समजावलं ते असं: बाई, साडीच्या निऱ्या घालतो तशा पडद्याला चुण्या घालून ताणून शिवतो. म्हणून माझा हा आयडी. 😊

आमच्याकडे गॉगल नव्हते. पाण्याच्या बाटलीत स्ट्रॉ घालून बुडबुडे, पिसं फुंकणं, कागदाची भिरभिरी. चार दिवस गंमत, पाचव्या दिवशी ‘आई, पुरे’. मग मी ओरडायची, ती रडायची आणि रडण्यात जेवढा श्वासाचा व्यायाम व्हायचा तेवढाच. 😅 शेवटी साखळी गावातल्या भजनाच्या वर्गात घातली. लांब तान घेताना श्वास कसा पुरवायचा ते तिथे शिकली. पण धावण्याचा दम त्याने नाही आला, हेही सांगते.

श्वासपुराण
मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुलांच्या छातीच्या आजारांवर काम करते. इथे कुणाच्याही मुलाला औषधोपचार सांगणार नाही, तपासल्याशिवाय ते चुकीचं आहे. पण घोळ बराच आहे, तो थोडा सोडवते. लांबेल.

आधी शब्दाचा घोळ. फिजिओच्या तोंडी ‘व्हीआर’ म्हणजे दरवेळी डोळ्यांवर चढवायचा हेडसेट नव्हे. मुलांच्या पुनर्वसनात बरेचदा साधा टीव्ही आणि अंगाची हालचाल टिपणारा कॅमेरा वापरतात. मूल समोर उभं राहतं, हात हलवला की पडद्यावरचा भिडू हात हलवतो, उडी मारली की उडी मारतो. एक्सबॉक्स या गेमच्या यंत्राचा किनेक्ट हे त्यातलं जुनं नाव; निन्टेन्डोच्या वीमध्ये कॅमेऱ्याऐवजी हातात धरायचा रिमोट असतो. तुमच्या फिजिओना नक्की काय अभिप्रेत आहे ते आधी विचारा. ७ वर्षांच्या मुलाला डोक्यावरचा हेडसेट मी तरी देणार नाही. क्वेस्ट हेडसेट बनवणाऱ्या मेटाने पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यालासुद्धा किमान वय १० ठेवलंय. यंत्र अर्धा किलोचं, मान पुढे ओढतं. पडद्याची शस्त्रक्रिया झालेल्या काही मुलांना पुढे पाठीच्या कण्याला बाक येतो, छातीचा पिंजरा वाकडा होतो. त्यात हे ओझं कशाला? शिवाय हेडसेटमध्ये काहींना मळमळतं, आणि या मुलांना आम्लपित्त वर येण्याचा त्रास आधीच जास्त असतो.

आता मूळ विषय. हा आजार (जन्मजात हर्निया, म्हणजे पडद्यातल्या भोकातून पोटातले अवयव छातीत सरकणं) साधारण २५०० ते ३००० जन्मांत एकाला होतो, आणि १० पैकी ८ हून अधिक वेळा डाव्या बाजूला. मागच्या बाजूच्या या भोकाला बोखदालेक नावाच्या चेक शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे, त्याने १८४८ मध्ये वर्णन केलं होतं. लोकांना वाटतं भोक बुजलं की आजार संपला. तसं नाही. आतडी छातीत असताना फुप्फुसाला वाढायला जागाच नव्हती. श्वासनळ्यांच्या फांद्या गर्भात चौथ्या महिन्यापर्यंत फुटून होतात. तेव्हा ज्या फुटल्या नाहीत त्या नंतर फुटत नाहीत. त्यांच्या टोकाच्या वायुकोशांचं मात्र वेगळं आहे. जन्मतः ते २ ते ५ कोटी असतात, मोठ्या माणसात ३० कोटींच्या वर. म्हणजे बहुतेक वाढ जन्मानंतरची, त्यातली जास्तीत जास्त पहिल्या दोन-तीन वर्षांत.

श्वासपटल हे मंगेशीच्या देवळाच्या घुमटासारखं आहे असं समजा. श्वास घेताना हा घुमट आवळून खाली सपाट होतो, छातीत जागा होते, हवा आत येते. पॅच म्हणजे स्नायू नव्हे. तेवढा तुकडा आवळत नाही, बाकीच्या पडद्याबरोबर नुसता फरफटत जातो. उरलेल्या स्नायूला जास्त काम.

मग व्यायामाने काय होतं? खेळल्याने नव्या श्वासनळ्या येत नाहीत. कुणी तसं सांगून यंत्र विकत असेल तर उठून या. वाढतो तो श्वासाच्या स्नायूंचा जोर, पायांचा दम, आणि हृदयाची तयारी. यातली बरीच मुलं जेवढी आजाराने मागे असतात त्याच्यावर न खेळल्याने आणखी मागे पडतात. जायो, तुमच्या चिठ्ठीबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. मी जवळजवळ प्रत्येक आईच्या पर्समध्ये तशी चिठ्ठी बघितली आहे.

जायो_म्हार्दोळ
@श्वासपुराण, दोन वेळा वाचलं. ‘उठून या’ला हसले आणि चिठ्ठीला रडले. तुमचं बरोबर निघालं. फोन करून विचारलं तर म्हणाल्या, ‘हो हो, टीव्हीवालंच.’ आधी सांगायला काय झालं होतं! त्यांच्याकडचं यंत्र मात्र बिघडलंय, दुरुस्तीला कुणी मिळेना.

पॅचचं राहिलं. उड्या मारताना सुटला तर?

श्वासपुराण
शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे वेगळे. तेव्हा पोटावर जोर येईल असं काहीच नाही. ७ वर्षांनी पॅच भोवतालच्या पेशीजालात मुरलेला असतो. तो सुटतो तेव्हा एका उडीने सुटला असं सहसा नसतं. मूल वाढतं, पॅच वाढत नाही, कडेला ताण येत जातो. म्हणून पॅचवाल्या मुलांत हर्निया पुन्हा होण्याची शक्यता टाकेवाल्यांपेक्षा जास्त, आणि म्हणून सर्जनकडची नियमित तपासणी टाळायची नाही. व्यायाम सुरू करण्याआधी त्यांचं ‘हो’ हवंच. काहींच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब जास्त राहिलेला असतो, त्यांचा हिशेब निराळा, आधी हृदयाचा इको.

एक गोष्ट धाग्यातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. हिरवी उलटी, पोट फुगणं आणि दुखणं, अचानक श्वास लागणं, यातलं काहीही झालं तर फिजिओला फोन करायचा नाही, १०८ ला करायचा. पोटात आतडं अडकू शकतं, आणि त्याला वय नाही. २० व्या वर्षीही होतं.

तारवटी_वास्को
बोटीवरून लिहितोय, नेट कधी आहे कधी नाही. घरी वास्कोला माळ्यावर एक्सबॉक्स ३६० आहे, किनेक्टसकट. २०११ ला सुट्टीत येताना पुतण्यासाठी आणला होता, तो आता कॅनडात ट्रक चालवतो. किनेक्ट २०१७ पासून बनतच नाही, त्यामुळे दुकानात शोधू नका. यंत्राच्या मागे किनेक्टचं वेगळं भोक आहे का ते बघावं लागतं, जुन्या मॉडेलला नसतं, त्याला वेगळा पॉवरचा प्लग लागतो. आमच्याकडे दोन्ही आहे. बायकोला सांगतो, कुणीतरी येऊन घेऊन जा. पैसे वगैरे काय बोलू नका.

रिकामटेकडा_डिचोली
माझा मुद्दा अजून तिथेच आहे. बाईंनी (श्वासपुराण) स्वतःच सांगितलं की फायदा दमाचा. दम मैदानातही येतो. मग पडदा शिवलेल्यांना दुसरा पडदा कशाला?

श्वासपुराण
कोटी आवडली. मुद्दाही चुकीचा नाही. शेवट मैदानातच व्हायला हवा.

पण मैदानात काय होतं सांगते. हे मूल पहिल्या दोन मिनिटांत मागे पडतं. बाकीची पोरं त्याला गोलकीपर करतात, मग रेफ्री करतात, मग चप्पल राखायला बसवतात. तिथे त्याचा वेग दुसरे ठरवतात. टीव्हीसमोर पातळी आम्ही ठरवतो: आज तीन मिनिटं, मग बसायचं, मग पुन्हा तीन. हात वर नेणं, बाजूला वाकणं, अंग पिळणं, अशा छाती मोकळी करणाऱ्या हालचाली ज्या खेळात आहेत तेच खेळ निवडतो. ‘हात वर करून श्वास घे’ हे मूल सात वेळा करील. वरून पडणारी नाणी पकडायची असतील तर सत्तर वेळा. फरक एवढाच, पण व्यायामात सगळं त्या सत्तरात आहे.

घरी करताना साधारण असं: आठवड्यातून तीन दिवस, जेवणानंतर दोन तास सोडून. आधी थोडं अंग सैल करणं, मग २० मिनिटं थांबत थांबत खेळ, शेवटी पोटावर हात ठेवून शांत श्वास. बोटाला ऑक्सिमीटर आधी, मध्ये, नंतर. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. कुठल्या आकड्याला थांबायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील, माझा किंवा गुगलचा घेऊ नका. यंत्र नसेल तर बोलून बघा. खेळताना एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की बसायचं.

निऱ्या
चप्पल राखायला 😢 आमच्या हिला लंगडीत कायम ‘लिंबूटिंबू’ करायचे.

जायो_म्हार्दोळ
बातमी द्यायला आले. सर्जननी तपासून ‘हो’ म्हटलं, इकोही झाला. ह्यांनी वास्कोहून खोका आणला. (तारवटीदादा, वहिनींनी वर फणसाचे गरेही दिले, देव बरें करूं.)

पहिल्या दिवशी फजिती. वसरीत लावलं कारण ऐसपैस जागा तिथेच, सहा फूट तरी मागे उभं राहावं लागतं. तर कॅमेऱ्याला मुलगा दिसेचना! कधी खांबालाच माणूस समजतो. शेवटी कळलं की ते अवरक्त किरणांवर चालतं आणि पावसाची उघडीप होऊन ऊन आलं की आंधळं होतं. आता दिवेलागणीनंतर खेळतो. सासूबाईंचं शुभंकरोति आणि ह्याच्या उड्या एकाच वेळी.

एका खेळात तराफ्यावर उभं राहून नदीतून जायचं असतं, त्याला हा ‘फेरीबोट’ म्हणतो. दुसऱ्यात आपण पाण्याखाली काचेच्या टाकीत, मासे येऊन काचेला भोकं पाडतात, ती हातापायांनी बुजवायची. एक हात वर, एक पाय बाजूला, डोकं तिसऱ्या भोकाला. परवा तो खेळता खेळता थांबला आणि विचारलं, ‘माझ्या पोटातलं भोक दोतोरान असंच बुजवलं?’ मी हो म्हटलं. ‘मग तो हात काढणार नाही ना?’

मी त्याला पॅच म्हणजे काय ते पहिल्यांदा सांगितलं. इतकी वर्षं ती खूण म्हणजे ‘बाऊ झाला होता’ एवढंच सांगत आले होते. आता तो आरशात बघून खुणेला ‘ठिगळ’ म्हणतो आणि शाळेत दाखवत फिरतो. ते बरं की वाईट, कळत नाही.

बाकी खेळात इतका रंगतो की मागून हाक मारली तर ऐकतच नाही. टीव्हीचा आवाज एवढा की शेजाऱ्यांना मालिका बंद करावी लागते.

डावीकडून_बोला
खूप दिवसांनी लॉगिन केलं, या शेवटच्या दोन ओळींसाठी.

मी २२ वर्षांची. डावा पडदा, चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया, म्हणजे तुमच्या मुलाचीच मोठी बहीण समजा. मलाही सगळे ‘रंगून जाते, ऐकत नाही’ म्हणायचे. चौथीत बाईंनी ओळखलं की मी ओठ बघून उत्तरं देते. उजव्या कानाने मला वरच्या पट्टीतलं नीट ऐकू येत नाही, घंटी, ‘स’, ‘श’. म्हणून हा आयडी. जन्मानंतर ज्यांनी बरेच दिवस व्हेंटिलेटरवर काढले त्या मुलांत हे होतं, आणि गंमत म्हणजे जन्मतःची चाचणी पास होऊन नंतर हळूहळू होतं. माझी पास झाली होती.

कदाचित तुमचा खरंच रंगत असेल. पण कान तपासा. खेळ थांबवू नका, आवाज मात्र कमी करा.

श्वासपुराण
@डावीकडून_बोला, हे मी लिहायला हवं होतं. राहिलं. जायो, हे खरं आहे. या मुलांना काही वर्षं ठरावीक काळाने ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करायला सांगतात ती याचसाठी. जन्माच्या वेळच्या कागदावर विसंबू नका.

जायो_म्हार्दोळ
आमच्या फायलीत ‘हिअरिंग – नॉर्मल’ असा शिक्का आहे, ८ व्या आठवड्याचा. त्यानंतर कुणी विचारलंच नाही, आणि मीही नाही. उद्या अपॉइंटमेंट घेते.

रिकामटेकडा_डिचोली
ताई, काय झालं ते कळवा.

जायो_म्हार्दोळ
उशीर झाला, चतुर्थीची गडबड होती. माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधायला यंदा मुलगा स्टुलावर चढला होता.

आधी कान. दोन्ही कानांत वरच्या पट्टीत कमी आहे, डाव्यात जास्त. सध्या शाळेत पुढच्या बाकावर, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, वाढलं तर यंत्र. ऐकून मी गाडीत बसून राहिले बराच वेळ. मग आठवलं की त्याला शुद्धलेखनात ‘श’ आणि ‘स’वरून मी किती बोलले आहे. @डावीकडून_बोला, तुम्हाला काय लिहू?

आता दम. ३० मीटरच्या बोळात सहा मिनिटं चालायची ती चाचणी खेळ सुरू करण्याआधी झाली होती, तेव्हा ३९० मीटर. बारा आठवड्यांनी ४४०. श्वासाची फुंकर मोजतात त्या यंत्रात जवळपास आधीइतकंच. त्या यंत्रावर मुलांसाठी मेणबत्त्या असतात, जोरात फुंकलं की पडद्यावर विझतात. ह्याने बाईंना विचारलं, ‘केक कधी येतो?’

श्वासपुराण
छान! पण थोडं पाणी घालते. ही चाचणी दुसऱ्यांदा करताना मुलाला बोळ ओळखीचा झालेला असतो, तेवढ्यानेही काही मीटर वाढतात. तीन महिन्यांत उंचीही वाढली असेल. तेव्हा सगळे ५० खेळाच्या नावावर नको. फुंकर तीच राहिली हे मला अपेक्षितच होतं.

जायो_म्हार्दोळ
मला ते ५० कुणाच्याही नावावर चालतील. 😊

पीटीच्या बाईंना भेटून आले. जुनी चिठ्ठी परत मागितली, नवी दिली: धावू दे, शब्द तुटले की बसवा, आणि त्याच्याशी समोरून बोला. पहिल्या दिवशी तीन फेऱ्या मारल्या, शेवटून दुसरा आला. शेवटच्याचं नाव घरी येऊन चार वेळा सांगितलं.

तारवटीदादा, यंत्र परत कधी पाठवू?

तारवटी_वास्को
घाई नाही. डिसेंबरात उतरतोय. एक दिवस म्हार्दोळला येतो, त्या फेरीबोटीवर त्याच्याबरोबर मला एक डाव पाहिजे. वीस वर्षं बोटीवर आहे, हरणार नाही.

जायो_म्हार्दोळ
वाचून दाखवलं. तो म्हणतो, ‘काकाक सांग, उडी मारतना बोलूंक जाय. बोलूंक मेळना जाल्यार बसचें.’